किती काळ थांबावे? : दोन तारांवरील संवाद आणि ड्रायव्हरचे लेखन

१

'बस' आणि 'ड्रायव्हर' हे दोन शब्द एकापाठोपाठ उच्चारले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर एस.टी.चे चाक हाती धरलेला माणूस उभा राहतो. बंगळूरच्या पूर्व भागातील मारतहळ्ळी येथे हे दोन शब्द दिवसातून अनेकदा ऐकू येतात. परंतु पुष्कळ वेळा त्यांचा रस्त्यावरील वाहनाशी काहीही संबंध नसतो. जुना विमानतळ रस्ता आणि बाह्य वर्तुळाकार रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, त्या ठिकाणी हे एके काळचे खेडे आहे. त्याच्या पश्चिमेस हिंदुस्थान एरोनॉटिक्सची धावपट्टी आहे. बाह्य रस्त्याला लागून 'इस्रो'चे उपग्रहांची जोडणी आणि चाचणी करणारे केंद्र आहे. आणि यांच्या अवतीभवती संगणक-व्यवसायाची कार्यालये व 'एम्बेडेड' प्रणालींचे शिक्षण देणारे खाजगी वर्ग दाटीने वसलेले आहेत. या वर्गांत येणारा विद्यार्थी ज्या पहिल्या गोष्टी लिहावयास शिकतो, त्यांपैकी एक म्हणजे बसवरील संवादाचा ड्रायव्हर.

'बस' या शब्दाच्या दोन्ही अर्थांचे मूळ एकच आहे. लॅटिनमध्ये 'ओम्निबस' म्हणजे 'सर्वांसाठी'. सर्वांना घेऊन जाणाऱ्या वाहनास हे नाव मिळाले आणि पुढे त्याचे शेपूट तेवढे शिल्लक राहिले. वीजघरात सर्व शाखांना वीज पुरविणाऱ्या जाड पट्टीस 'बसबार' म्हणू लागले. अनेक घटकांनी सामाईकपणे वापरावयाच्या संगणकातील तारांनाही तेच नाव पडले. 'ड्रायव्हर' म्हणजे प्रोग्रॅमचा असा भाग, की जो एखाद्या यंत्रघटकाशी बोलण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतो आणि उर्वरित प्रोग्रॅमला त्या बोलण्याच्या तपशिलातून मुक्त ठेवतो. मायक्रोकंट्रोलर ही एखाद्या यंत्राच्या पोटात बसविलेली, एकच ठरावीक काम करणारी, लहान संगणकासारखी चिप होय. धुलाईयंत्रात, वीजमीटरमध्ये, मोटारीत, रुग्णालयातील औषध सोडणाऱ्या पंपात ती असते. तिला घड्याळाची वेळ विचारावयाची असते, तापमान जाणून घ्यावयाचे असते, एखादी नोंद जपून ठेवावयाची असते; आणि ही कामे करणाऱ्या इतर चिपांशी तिला बसवरून बोलावे लागते.

या बोलण्याचे नियम छापलेले असतात. ते पाळले की संवाद घडतो, अशी समजूत नवशिक्याची असते आणि ती अर्धीच खरी असते. बोलावे कसे, हे नियमपुस्तक सांगते; परंतु समोरून उत्तर आलेच नाही तर किती काळ थांबावे आणि त्या मौनाचा अर्थ काय घ्यावा, हे या लेखात ज्या बसचा विचार करावयाचा आहे तिच्या नियमपुस्तकाने मोकळेच सोडले आहे. ती रिकामी जागा ड्रायव्हर लिहिणाऱ्यास स्वतःच्या निर्णयाने भरावी लागते. भाषेच्या आणि साहित्याच्या अभ्यासकांनी या अपरिचित लेखनप्रकाराकडे पाहावे, याचे कारण हेच आहे.

२

ही बस म्हणजे 'आय-स्क्वेअर-सी'. हॉलंडमधील फिलिप्स कंपनीने ती १९८२ च्या सुमारास दूरचित्रवाणी-संचातील चिपा एकमेकींस जोडण्यासाठी सिद्ध केली. त्यापूर्वी एकेका चिपेकडे अनेक तारा न्याव्या लागत. येथे दोनच तारा पुरतात. एका तारेवरून मजकूर जातो. दुसरीवरून ताल, म्हणजे 'क्लॉक'चे स्पंद. मूळ वेग सेकंदास १,००,००० बिटांचा होता. १९९२ मध्ये तो ४,००,००० पर्यंत नेण्यात आला. फिलिप्सचा चिपा बनविणारा विभाग २००६ मध्ये 'एनएक्सपी' या नावाने वेगळा झाला आणि नियमपुस्तक आता त्या कंपनीकडे आहे.

या दोन तारांचे वैशिष्ट्य समजण्यासाठी जुन्या एस.टी. गाडीतील घंटेची दोरी आठवावी. ती गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली असे. कोणीही ती खेचली की घंटा वाजे आणि ती सर्वांना ऐकू येई. परंतु दोरी 'ढकलणे' कोणालाच शक्य नसे. सोडली, की ती आपोआप पूर्वस्थितीस जाई. आय-स्क्वेअर-सीच्या दोन्ही तारा अशाच आहेत. प्रत्येक तार एका रोधकाच्या साहाय्याने वरच्या विद्युद्दाबास बांधलेली असते. कोणी काहीच केले नाही, तर ती वरच राहते आणि ती स्थिती म्हणजे 'एक'. बसवरील कोणताही घटक ती खाली खेचू शकतो आणि ती स्थिती म्हणजे 'शून्य'. 'एक' मात्र कोणालाही लादता येत नाही. तार सोडून द्यावी आणि इतर सर्वांनीही ती सोडलेली असावी, तरच 'एक' घडतो. याचा परिणाम दूरगामी आहे. प्रत्येक 'एक' हा सर्वांच्या मूक संमतीने उच्चारला जातो. उलट, एकट्या घटकाचे 'शून्य' सर्वांवर मात करते.

मजकुराची तार एरवी क्लॉकची तार खाली असतानाच बदलावी, असा नियम आहे. क्लॉक वर असताना मजकुराची तार खाली आली, तर तो 'आरंभ' समजावयाचा; क्लॉक वर असताना ती वर गेली, तर तो 'समाप्ती' समजावयाचा. म्हणजे ज्या गोष्टीस मजकुरात मनाई आहे, तिचाच उपयोग मजकुराच्या सीमा दाखविण्यासाठी केलेला आहे. आरंभानंतर पहिल्या आठ बिटांत सात बिटांचा पत्ता येतो आणि आठवा बिट दिशा सांगतो : शून्य असल्यास 'लिहावयाचे आहे', एक असल्यास 'वाचावयाचे आहे'. त्यानंतर नवव्या स्पंदाला बोलणारा मजकुराची तार सोडून देतो आणि ऐकणाऱ्याने ती खाली खेचावयाची असते. ही झाली पोच. पुढे प्रत्येक आठ बिटांनंतर अशीच पोच घेतली जाते.

मराठेशाहीतील पत्रव्यवहाराशी परिचय असलेल्या वाचकास ही रचना अगदीच परकी वाटणार नाही. शिरोभागी 'श्री', मग कोणी कोणास लिहिले हे सांगणारा मायना, त्यानंतर मजकूर, आणि मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही भर घालू नये, हे दाखविणारी मोर्तब. फरक दोन आहेत. बसवरील 'पत्र' सर्वांच्या समोर उघडेच वाचले जाते आणि ज्याचा पत्ता असेल त्यानेच 'ओ' द्यावयाची असते. शिवाय त्यातील प्रत्येक 'शब्दा'ला पोचपावती द्यावी लागते. पेशव्यांच्या जासुदास पोच आणावयास कित्येक दिवस लागत; येथे प्रत्येक पोचेस एका सेकंदाचा एक लाखावा भाग पुरतो.

३

आता प्रत्यक्ष लेखनाकडे वळावे. उदाहरणादाखल, भारतातील एम्बेडेड अभ्यासक्रमांत दीर्घकाळ वापरली गेलेली फिलिप्सची एलपीसी२१४८ ही मायक्रोकंट्रोलर-चिप आणि 'डॅलस सेमिकंडक्टर'ची डीएस१३०७ ही घड्याळाची चिप घेऊ. दुसरीस सेकंदाला ३२,७६८ कंपने करणारा स्फटिक आणि एक छोटा विद्युत्-घट जोडलेला असतो. यंत्र बंद असले तरी ती वेळ मोजत राहते. ड्रायव्हरने तिला विचारावयाचे आहे इतकेच, की आता किती वाजले?

लेखनाची सुरुवात वाचनाने होते. प्रत्येक चिपेसोबत 'डेटाशीट' नावाची पुस्तिका प्रसिद्ध केलेली असते आणि ड्रायव्हर हे एका अर्थाने तिच्यावरील भाष्यच असते. तीत सांगितलेले असते, की या घड्याळाचा पत्ता ११०१००० असा आहे. दशमान पद्धतीत तो १०४ होतो आणि चिपांच्या जगातील रूढ षोडशमान पद्धतीत ६८. येथेच पहिली अडचण येते. काही लेखक पत्ता सात बिटांचा सांगतात, तर काही त्यास दिशेचा बिट जोडून आठ बिटांचा सांगतात. दुसऱ्या पद्धतीने याच घड्याळाचे पत्ते दोन होतात : लिहिण्यासाठी २०८ आणि वाचण्यासाठी २०९. एका पुस्तिकेतील पत्ता दुसऱ्या पद्धतीने वापरला, की कोणी 'ओ' देत नाही. नवशिक्या मग तारा तपासत बसतो. चूक मात्र तारांत नसून वाचनात असते.

घड्याळाच्या पोटात शून्यापासून क्रमाने सात कप्पे आहेत. त्यांना रजिस्टर म्हणतात. त्यांत अनुक्रमे सेकंद, मिनिटे, तास, वार, तारीख, महिना आणि वर्ष असतात. अंक साध्या द्विमान पद्धतीत लिहिलेले नसतात. दशक आणि एकक यांसाठी चार-चार बिट स्वतंत्र राखलेले असतात. पंचेचाळीस ही संख्या '०१०० ०१०१', म्हणजे चार आणि पाच, अशी लिहिली जाते. ड्रायव्हरने हे ध्यानात न घेता त्या बिटांची सरळ द्विमान किंमत काढली, तर पंचेचाळीसचे एकोणसत्तर होतात. वर्षाचे केवळ दोन अंक ठेवलेले असतात. शतक कोणते, हे घड्याळास ठाऊक नसते. ते ड्रायव्हरने ठरवावयाचे असते. सेकंदांच्या कप्प्यातील सर्वांत वरचा बिट तर सेकंदांचा नसतोच. तो 'एक' असेल, तर घड्याळ थांबलेले असते. प्रथम वीज मिळाल्यावर कप्प्यांत काय असेल याची हमी नाही, असे पुस्तिका स्पष्टपणे बजावते. म्हणून तो बिट प्रथम शून्य करून घड्याळ चालू करणे हे ड्रायव्हरचे काम ठरते. हे वाक्य तळटीपेसारखे, लहान अक्षरांत आले म्हणून ज्याने सोडून दिले, त्याचे घड्याळ कधी चालते, कधी चालत नाही.

वेळ वाचण्याचा क्रम असा. आरंभ करावा, घड्याळास 'लिहावयाचे आहे' अशा दिशेने हाक मारावी, शून्य हा आकडा पाठवावा, म्हणजे 'शून्याव्या कप्प्यापासून' असे सांगितले जाते, मग समाप्ती न करता पुन्हा आरंभ करावा आणि या वेळी 'वाचावयाचे आहे' अशा दिशेने हाक मारावी. यानंतर घड्याळ एकेक कप्पा वाचून दाखवू लागते. प्रत्येक कप्प्यानंतर मायक्रोकंट्रोलरने पोच द्यावयाची असते; सातव्यानंतर मात्र पोच द्यावयाची नाही. 'बस, पुरे' असा त्याचा अर्थ असतो. मग समाप्ती करावी.

सातही कप्पे एकाच दमात वाचण्यास एक गंभीर कारण आहे. समजा, दहा वाजून एकोणसाठ मिनिटे आणि एकोणसाठ सेकंद झाले आहेत. या क्षणी कोणी मिनिटे वाचली आणि तास वाचण्यासाठी पुन्हा स्वतंत्र हाक मारली, तर मधल्या काळात अकरा वाजलेले असतात. वाचणाऱ्यास अकरा वाजून एकोणसाठ मिनिटे दिसतात. दोन्ही आकडे खरे असतात. विधान मात्र एका तासाने खोटे असते. घड्याळाची चिप प्रत्येक आरंभाच्या वेळी सर्व कप्प्यांची एक प्रत काढून ठेवते आणि त्या प्रतीवरून वाचून दाखवते. याचा लाभ ज्याने एका दमात वाचले त्यालाच मिळतो.

एलपीसी२१४८ मध्ये हे काम अंशतः यंत्रणेकडे सोपविलेले आहे. प्रत्येक पायरी पार पडली, की ती एका रजिस्टरात सांकेतिक आकडा ठेवते. षोडशमान ०८ म्हणजे 'आरंभ झाला'. १८ म्हणजे 'लिहिण्यासाठी हाक मारली, ओ मिळाली'. २० म्हणजे 'हाक मारली, ओ मिळाली नाही'. ४० म्हणजे 'वाचण्यासाठी हाक मारली, ओ मिळाली'. ५० म्हणजे 'मजकूर आला, पोच दिली'. ५८ म्हणजे 'मजकूर आला, पोच दिली नाही'. ड्रायव्हर म्हणजे या आकड्यांचा कोश आणि प्रत्येक आकड्यापुढे 'आता काय करावे' याची नोंद. ८०५१ सारख्या जुन्या घराण्यातील अनेक चिपांत अशी यंत्रणा नसते. तेथे ड्रायव्हरला दोन्ही तारा स्वतःच्या हाताने, बिटामागून बिट, खेचाव्या आणि सोडाव्या लागतात. विद्यार्थ्यास हा मार्ग कष्टाचा वाटतो. परंतु आरंभ, समाप्ती आणि पोच यांचा खरा अर्थ त्याच मार्गाने हाताला कळतो, असे अनुभवी शिक्षक मानतात.

४

मारतहळ्ळी हे नाव मराठी कानास 'मराठ्यांची हळ्ळी' असे ऐकू येते. स्थानिक लोकांत दुसरी व्युत्पत्तीही सांगितली जाते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे 'मारुत' हे लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले आणि त्यावरून गावास नाव पडले, असे ती सांगते. दोन्ही व्युत्पत्तींकडे लोकस्मृतीचे नमुने म्हणूनच पाहणे इष्ट. नावांचे हे वैभव बसवर नसते. तेथे केवळ क्रमांक असतात. म्हणून तेथे नामसाम्याचा घोटाळा नसेल, असे मात्र समजू नये.

सात बिटांत १२८ पत्ते मावतात. त्यांपैकी सोळा विशेष कामांसाठी राखून ठेवलेले आहेत आणि उरतात ११२. चिपांचे प्रकार हजारो आहेत. तेव्हा एकच पत्ता अनेकांस मिळणे अपरिहार्य ठरते. गती आणि कल मोजणाऱ्या एमपीयू-६०५० या चिपेचा नेहमीचा पत्ताही १०४ हाच आहे. ती आणि डीएस१३०७ एकाच बसवर बसविल्या, की एका हाकेस दोघी 'ओ' देतात. हाक मारणाऱ्यास दोन पोचा वेगळ्या ओळखता येत नाहीत, कारण एकाने दोरी खेचली काय आणि दोघांनी खेचली काय, दोरी तेवढीच खाली येते. वाचताना तर दोघींचे बिट एकमेकांत मिसळतात. जेथे एकीचेही शून्य असेल तेथे शून्य उमटते. जे वाचले जाते ते ना घड्याळाचे असते ना गतीचे, आणि तरीही ते व्याकरणशुद्ध असते. यावर उपाय आहे. एमपीयू-६०५० ची एक पिन वरच्या विद्युद्दाबास जोडली, की तिचा पत्ता १०५ होतो. घड्याळाचा पत्ता मात्र बदलता येत नाही. म्हणून ज्याला बदलणे शक्य आहे त्याने बदलावे, हा व्यवहार येथेही पाळावा लागतो.

दोन मायक्रोकंट्रोलरांनी एकाच क्षणी बोलण्यास आरंभ केला तर काय होते, हेही पाहण्याजोगे आहे. दोघेही बोलताना तारेकडे कान ठेवून असतात. ज्याने तार सोडली, पण ती वर न जाता खालीच राहिलेली पाहिली, त्याला कळते, की दुसरा कोणी बोलत आहे. तो त्याच क्षणी माघार घेतो. जिंकणाऱ्याच्या मजकुरातील एकही बिट बिघडत नाही. बहुधा त्याला स्पर्धा झाली हेही कळत नाही. एलपीसी२१४८ मध्ये हरणाऱ्यास ३८ हा सांकेतिक आकडा मिळतो. या बसवर बोलण्याची पहिली अट स्वतःचे बोलणे ऐकणे ही आहे. भांडण तोडण्यासाठी कोणी पंच नेमावा लागत नाही. तारांची रचनाच पंचाचे काम करते.

५

आतापर्यंतचे सर्व नियम छापलेले आहेत. अडचण उद्भवते ती मौनाची.

नवव्या स्पंदाला पोच आली नाही, तर त्याचा अर्थ काय? त्या पत्त्यावर कोणीच नाही, असा एक अर्थ होतो. आहे, पण कामात आहे, असा दुसरा अर्थ होतो. नोंदी जपून ठेवणाऱ्या स्मृति-चिपा लिहिलेला मजकूर मुरवून घेण्यासाठी काही मिलिसेकंद घेतात आणि तेवढ्या काळात कोणी हाक मारली तर 'ओ' देत नाहीत. 'पुरे' असा तिसरा अर्थ वर आलाच आहे. चिन्ह एकच, अर्थ तीन. आणि कोणता घ्यावयाचा हे संदर्भावरून ठरवावयाचे. चांगला ड्रायव्हर स्मृति-चिपेस पुन्हा पुन्हा हाक मारतो आणि ती 'ओ' देईपर्यंत धीर धरतो. घड्याळाने मात्र 'ओ' दिली नाही, तर दोन-तीन प्रयत्नांनंतर 'घड्याळ नाही' असे स्वच्छपणे वर कळवतो.

दुसऱ्या प्रकारचे मौन याहून अवघड आहे. ऐकणाऱ्यास वेळ हवा असल्यास त्याने क्लॉकची तार खाली धरून ठेवावी, अशी मुभा नियमांत आहे. मग बोलणाऱ्यास थांबावेच लागते. किती काळ धरून ठेवावी, याला आय-स्क्वेअर-सीने वरची मर्यादा घातलेली नाही. इंटेलने १९९५ मध्ये याच पायावर 'एसएमबस' ही वेगळी बस रचली, तेव्हा तिने ही उणीव ओळखून मर्यादा घातली. क्लॉक २५ मिलिसेकंदांहून अधिक काळ खाली राहिला, की संवाद मोडला असे मानता येते आणि ३५ मिलिसेकंदांच्या आत घटकाने मूळ स्थितीवर आलेच पाहिजे. मूळ बसवर मात्र ही मर्यादा ड्रायव्हरच्या लेखकाने स्वतः घालावी लागते.

ती न घातल्यास काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण प्रत्येक अनुभवी अभियंत्याच्या स्मरणात असते. मायक्रोकंट्रोलर घड्याळ वाचत आहे. घड्याळाने एका शून्यासाठी मजकुराची तार खाली धरलेली आहे. आणि नेमक्या त्याच क्षणी काही कारणाने मायक्रोकंट्रोलर नव्याने सुरू होतो. त्याची स्मृती पुसली जाते. घड्याळास याची वार्ताही नसते. ते पुढच्या स्पंदाची वाट पाहत तार धरून बसते. मायक्रोकंट्रोलर जागा होतो, मजकुराची तार खाली पाहतो आणि 'दुसरे कोणी बोलत आहे, आपण मध्ये बोलू नये' असे समजून थांबतो. 'आधी आपण, आधी आपण' म्हणत दाराशी खोळंबलेल्या दोन पाहुण्यांप्रमाणे दोघेही शिष्टाचार पाळत उभे राहतात. पुन्हा बटण दाबून मायक्रोकंट्रोलर सुरू केला तरी स्थिती तीच राहते, कारण तार धरणारा दुसराच आहे.

यावरचा उपाय नियमपुस्तकातच आहे. क्लॉकचे नऊ स्पंद द्यावेत. प्रत्येक स्पंदाबरोबर घड्याळ आपला उरलेला मजकूर पुढे सरकवते; आठ बिट संपले की पोचेची जागा येते; तेथे कोणीच तार खेचत नाही, म्हणून घड्याळास 'पुरे' असा संकेत मिळतो आणि ते तार सोडते. नंतर समाप्ती करावी. विसरलेल्या संभाषणाचा शेवट आपणच करून द्यावयाचा, असे या कृतीचे स्वरूप आहे. परंतु ती केव्हा करावी, म्हणजे किती काळ थांबल्यानंतर हे मौन शिष्टाचाराचे नसून बिघाडाचे आहे असे मानावे, हे कोणीही सांगून ठेवलेले नाही.

थांबण्यास मर्यादा कशी घालावी, याची दुसरी परंपरा मारतहळ्ळीच्या शेजारीच सापडते. ४ जानेवारी २००१ रोजी तेथील धावपट्टीवरून 'तेजस' विमानाने पहिले उड्डाण केले. त्यातील संगणक आणि उपकरणे 'मिल-स्टँडर्ड १५५३बी' या बसवरून बोलतात. १९७८ च्या या अमेरिकी लष्करी मानकात बोलण्याचा अधिकार एका नियंत्रकाकडे असतो. तो जास्तीत जास्त एकतीस घटकांस आळीपाळीने विचारतो. येथे उत्तर ४ ते १२ मायक्रोसेकंदांत सुरू झालेच पाहिजे आणि नियंत्रकाने निदान १४ मायक्रोसेकंद वाट पाहिल्याखेरीज 'उत्तर नाही' असा निर्णय घेऊ नये. मौनाचा अर्थ येथे आधीच ठरवून दिलेला आहे. दूरचित्रवाणी-संचासाठी जन्मलेल्या बसला ही काटेकोर शिस्त आवश्यक वाटली नाही. परंतु हीच बस पुढे औषधाच्या पंपांत आणि उपग्रहांतील लहान उपकरणांत पोचली. घरातील संच बंद पडला, तर प्लग काढून पुन्हा लावता येतो. कक्षेतील उपग्रहाचा प्लग काढावयास कोणी जात नाही.

मराठीत 'थांबणे', 'वाट पाहणे', 'खोळंबणे' आणि 'ताटकळणे' अशी क्रियापदे आहेत आणि ती एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. ऐकणाऱ्याने क्लॉक धरल्यावर बोलणारा थांबतो. स्मृति-चिपेस पुन्हा हाक मारण्यापूर्वी तो वाट पाहतो. बसवर दुसरा बोलत असताना तो खोळंबतो. आणि बस अडकली असता मर्यादा न घालणारा ड्रायव्हर ताटकळतो. चौथी अवस्था पहिल्या तीन अवस्थांहून बाहेरून वेगळी दिसत नाही. तिचे वेगळेपण केवळ काळात असते. ड्रायव्हरच्या लेखनातील कसोटी ही, की ताटकळण्याची सीमा कोठे सुरू होते ते त्याने आधी ठरवून ठेवलेले असावे. सात कप्पे वाचण्यास या बसवर एक मिलिसेकंदाहून कमी काळ लागतो. साठ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एलपीसी२१४८ च्या दृष्टीने एक मिलिसेकंद म्हणजे साठ हजार स्पंद. तेव्हा पंचवीस मिलिसेकंदांची मर्यादाही त्याच्यासाठी मोठा धीरच ठरतो.

मर्यादा संपल्यावर काय सांगावे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. आळशी ड्रायव्हर उत्तर न मिळाल्यास शून्य परत करतो आणि यंत्राच्या पडद्यावर मध्यरात्र उमटते. दुसरा मागील वेळच शांतपणे पुन्हा सांगतो. दोन्ही विधाने दिसण्यास निर्दोष आणि आशयाने खोटी असतात. औषधाचा पंप किती वाजता सुरू झाला, याची नोंद अशा उत्तरावर अवलंबून असेल, तर त्या खोटेपणाची किंमत रुग्णास मोजावी लागते. 'वेळ कळली नाही' असे कबूल करणारा ड्रायव्हर लिहिण्यास दहा-वीस ओळी अधिक लागतात; प्रामाणिकपणाचा खर्च एवढाच असतो.

६

शेवटी, या घटकांच्या नावांविषयी. बोलण्यास आरंभ करणाऱ्यास नियमपुस्तकात दीर्घकाळ 'मास्टर' आणि उत्तर देणाऱ्यास 'स्लेव्ह' म्हटले जात असे. २०२१ च्या आवृत्तीत एनएक्सपीने हे शब्द काढून त्यांच्या जागी 'कंट्रोलर' आणि 'टार्गेट' घातले. बदलाचे कारण सामाजिक होते आणि ते योग्यच होते. परंतु वर्णनाच्या दृष्टीनेही जुने शब्द सदोष होते, हे वरील विवेचनावरून दिसून येईल. ज्यास गुलाम म्हटले तो क्लॉकची तार धरून धन्यास थांबवू शकतो, पोच नाकारू शकतो आणि बस अडकवूही शकतो. मराठीत 'धनी' आणि 'दास' अशी भाषांतरे करण्याची आता गरज उरलेली नाही. 'हाक मारणारा' आणि 'ओ देणारा' हे साधे शब्द घडणाऱ्या क्रियेच्या अधिक जवळचे आहेत.

महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये स्थापन केलेल्या भाषा संचालनालयाने परिभाषाकोशांच्या रूपाने मराठीस असंख्य नामे दिली आणि ते कार्य मोलाचे आहे. तथापि ड्रायव्हरचे लेखन नामांवर चालत नाही. रजिस्टर, क्लॉक, बिट ही नामे जशीच्या तशी राहिली तरी काही बिघडत नाही. त्या लेखनाचा जीव क्रियापदांत असतो : खेचणे, सोडणे, हाक मारणे, ओ देणे, पोच देणे, माघार घेणे, थांबणे, ताटकळणे. ही सर्व क्रियापदे मराठीत पूर्वीपासून आहेत आणि त्यांतील अर्थच्छटा या विषयास आश्चर्यकारकपणे पुरतात. मारतहळ्ळीतील वर्गांत बेळगाव, कोल्हापूर किंवा सोलापूरहून आलेला विद्यार्थी सर्व काही इंग्रजीत लिहितो. ते व्यवसायाच्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु आपली बस का अडकली, हे तो रात्री आपल्या सोबत्यास सांगू लागतो तेव्हा 'तार धरून बसलंय' असेच म्हणतो. त्या तीन शब्दांत बिघाडाचे निदान आलेले असते. उरतात ते नऊ स्पंद. आणि ते किती वेळाने द्यावेत, हा निर्णय त्याचा त्यालाच घ्यावा लागतो.